ग्रंथालयाच्या दारात पुस्तकविक्रेता

२१ सप्टेंबर २०११ रोजी अमेरिकेतील सुमारे ११ हजार सार्वजनिक ग्रंथालयांच्या सभासदांना एक नवी सोय उपलब्ध झाली. ग्रंथालयाच्या संग्रहातील ई-पुस्तक अॅमेझॉन कंपनीच्या ‘किंडल’ या वाचनयंत्रावर घरबसल्या आणि विनाशुल्क वाचता येऊ लागले. तोपर्यंत किंडलधारकांना ही मुभा नव्हती. साहजिकच वाचकांनी या सोयीचे स्वागत केले आणि ग्रंथपालांनीही. महिनाभरात मात्र ग्रंथपालांमधूनच तक्रारीचा सूर उमटू लागला. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या ग्रंथालयाने खासगी पुस्तकविक्रेत्याशी हातमिळवणी करावी काय, आणि केल्यास कोणत्या अटींवर, हा त्या तक्रारीचा गाभा होता. तो प्रश्न अद्याप निकाली निघालेला नाही.

तक्रार समजून घेण्यासाठी पुस्तक वाचकाच्या हाती कसे पडते, हे पाहावे लागेल. ग्रंथालये ई-पुस्तके बहुधा ‘ओव्हरड्राइव्ह’ या मध्यस्थ कंपनीमार्फत देतात. वाचक ग्रंथालयाच्या पानावर आपला सभासद क्रमांक देतो, पुस्तक निवडतो आणि ‘किंडलवर वाचा’ असा पर्याय स्वीकारतो. त्या क्षणी ग्रंथालयाचे पान मागे राहते आणि अॅमेझॉनचे संकेतस्थळ समोर येते. तेथे अॅमेझॉनच्या खात्यात प्रवेश करायचा आणि पुस्तक उतरवून घ्यायचे. मुदत संपली की पुस्तक आपोआप बंद होते. मुदत संपल्याची सूचना देणाऱ्या इ-मेलसोबत तेच पुस्तक विकत घेण्याचे निमंत्रणही येते. वाचकाने समासात केलेली टिपणे कंपनी जपून ठेवते. तेच पुस्तक पुन्हा घेतले अथवा विकत घेतले, की ती जशीच्या तशी हजर होतात. सोय म्हणून हे उत्तमच. परंतु पुस्तक ग्रंथालयाचे, त्यासाठी मोजलेला पैसा करदात्यांचा आणि कोणी काय वाचले याची नोंद मात्र विक्रेत्याच्या दप्तरी, असा हा व्यवहार आहे.

विसरणे हेच कर्तव्य

आपल्याकडच्या वाचकाला यात एवढे बिघडले काय, असे वाटू शकेल. गल्लीतल्या वाचनालयात कोण कोणत्या लेखकाचे पुस्तक नेते, हे देवघेवीच्या टेबलावरील कर्मचाऱ्याला तोंडपाठ असते आणि त्याचे कोणाला वैषम्य वाटत नाही. अमेरिकेतील ग्रंथपालांची परंपरा वेगळी आहे. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९३९ मध्ये आपली पहिली नीतिसंहिता स्वीकारली, तेव्हापासून वाचकाविषयीची माहिती गोपनीय राखणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य मानले गेले आहे. त्या देशातील ४८ राज्यांत ग्रंथालयाच्या नोंदींना संरक्षण देणारे कायदे आहेत. उरलेल्या हवाई आणि केंटकी या दोन राज्यांत महाधिवक्त्यांच्या अभिप्रायाने तेच साधले आहे. पुस्तक परत आले, दंडाची बाकी नसली, की सभासद आणि पुस्तक यांना जोडणारा धागा संगणकातून पुसून टाकायचा, अशी अनेक ग्रंथालयांची रीत आहे.

ही रीत कागदावरची नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर संमत झालेल्या ‘पेट्रियट’ कायद्याने तपास यंत्रणांना ग्रंथालयांच्या नोंदी मागण्याचे व्यापक अधिकार दिले. तेव्हा कॅलिफोर्नियातील सांताक्रूझच्या ग्रंथालयांनी २००३ मध्ये वाचकांना सावध करणारे फलक लावले आणि कागदपत्रांचे रोजच्या रोज तुकडे करण्यास प्रारंभ केला. कनेक्टिकट राज्यात २००५ मध्ये ‘लायब्ररी कनेक्शन’ या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेला एफबीआयचे पत्र आले. एका संगणकाचा वापर कोणी केला, याची माहिती त्यात मागितलेली होती आणि पत्र आल्याचे कोणालाही सांगू नये, अशी तंबीही होती. संस्थेच्या चार पदाधिकाऱ्यांनी न्यायालयात धाव घेतली. २००६ मध्ये सरकारला तोंडबंदी मागे घ्यावी लागली आणि पुढे माहितीची मागणीही सोडून द्यावी लागली.

एवढा खटाटोप कशासाठी? वाचन हा चाचपडण्याचा व्यवहार आहे. घटस्फोटाचा विचार करणारी स्त्री, शरीरात गाठ लागलेला मनुष्य, घरच्या धर्माविषयी शंका पडलेला मुलगा, हे सारे आधी पुस्तक शोधतात, माणूस नंतर. आपला शोध कोणीतरी टिपून ठेवतो आहे, असे कळले तर शोधणारा हात आखडता घेतो. ग्रंथालयाने विसरावे, ही अपेक्षा त्यातून आली आहे.

लक्षात ठेवणे हाच व्यवसाय

विक्रेत्याचे गणित नेमके उलटे असते. मागील खरेदीवरून पुढील शिफारस करणे, हे ऑनलाइन पुस्तकविक्रीचे मुख्य भांडवल आहे. किंडलवर वाचक कोणत्या पानावर थांबला, त्याने कोणत्या ओळी अधोरेखित केल्या, हे कंपनीच्या सर्व्हरवर साठते; त्याखेरीज एका यंत्रावर सोडलेले पान दुसऱ्या यंत्रावर उघडणार नाही. यात लबाडी नाही. विक्रेता विक्रेत्यासारखा वागतो, एवढेच. मात्र नोंदी राखण्याचे कायदे बहुतांश ग्रंथालयाला बांधतात, विक्रेत्याला नाही. ग्रंथालयाच्या पानावरून अॅमेझॉनच्या पानावर पाऊल टाकताच वाचक एका कायद्याच्या छायेतून बाहेर पडतो आणि दुसऱ्या कोणाच्या तरी शर्ती मान्य करतो. हा उंबरठा ओलांडल्याचे किती जणांच्या ध्यानात येत असेल?

ऑक्टोबर २०११ मध्ये हाच मुद्दा कॅलिफोर्नियातील ग्रंथपाल सारा हाउटन यांनी एका चित्रफितीतून जाहीरपणे मांडला. नव्या सोयीच्या उत्साहात ग्रंथपालांनी आपली तत्त्वे गहाण टाकली, अशा आशयाची त्यांची टीका होती. वाचनाच्या नोंदी कंपनीकडे जातात, ग्रंथालयाच्या व्यवहारात विक्रीची जाहिरात घुसते आणि या दोन्ही गोष्टी वाचकाला नीट सांगितल्या जात नाहीत, असे त्यांचे आक्षेप होते. त्यांची भाषा तिखट होती. पण मुद्दे खोडून काढणे सोपे नव्हते. ग्रंथालयाचा करार ओव्हरड्राइव्हशी आणि ओव्हरड्राइव्हचा अॅमेझॉनशी. ज्या कंपनीकडे आपले वाचक पाठवायचे, तिला अट घालण्याची जागाच ग्रंथपालाला उरलेली नव्हती.

आणखी एक बाब चर्चेत क्वचितच येते. ग्रंथालयाचे सभासदत्व प्रत्येकाचे स्वतंत्र असते, तर अॅमेझॉनचे खाते पुष्कळदा अख्ख्या घराचे एकच असते. शाळकरी मुलीने आपल्या कार्डावर घेतलेले पुस्तक घरच्या खात्यावर उतरवले, की त्याचे नाव किराणा आणि बुटांच्या खरेदीसोबत आईवडिलांच्या नजरेस पडू शकते. सरकारी हेरगिरीपेक्षा सामान्य वाचकाला जाचणारी गोष्ट ही असावी, असे प्रस्तुत प्रतिनिधीला वाटते.

न्यायाने बोलायचे तर विक्रेत्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या महसूल खात्याने करवसुलीसाठी ग्राहकांची नावे आणि त्यांच्या खरेदीचा तपशील मागितला, तेव्हा अॅमेझॉनने तो देण्यास नकार दिला. कंपनी न्यायालयात गेली आणि ऑक्टोबर २०१० मध्ये जिंकली. कोण कोणती पुस्तके घेतो हे जाणण्याचा सरकारला सरसकट अधिकार नाही, असे न्यायालयाने मानले. त्याआधी २००९ च्या जुलैमध्ये याच कंपनीने जॉर्ज ऑरवेल यांची ‘१९८४’ आणि ‘अॅनिमल फार्म’ ही पुस्तके, हक्काचा घोळ झाल्याचे कळताच, ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकली होती. नंतर कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. सरकारपासून ग्राहकाला वाचवणारा आणि ग्राहकाच्या कपाटात हात घालणारा विक्रेता एकच होता.

कॅलिफोर्नियाने २०११ मध्येच वाचकांच्या गोपनीयतेसाठी कायदा केला; तो १ जानेवारी २०१२ पासून लागू झाला. पुस्तकविक्रेत्याकडील वाचकाची माहिती हवी असल्यास सरकारी यंत्रणेला न्यायालयाचा आदेश आणावा लागेल, हे त्याचे सूत्र. परंतु तीच माहिती विक्रेत्याने स्वतःच्या विक्रीसाठी वापरली तर काय, याला तो फारसा हात लावत नाही.

ग्रंथालये तिकडे वळली का?

ग्रंथपालांना हे कळत नव्हते, असे मानणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापुढील पर्यायच तोकडे होते. छापील पुस्तक एकदा विकत घेतले, की ते कोणाला द्यावे, कितीदा द्यावे, हा घेणाऱ्याचा अधिकार. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्ये तो मान्य केला आणि ग्रंथालयांची देवघेव त्याच पायावर उभी आहे. ई-पुस्तकाला हा नियम लावला जात नाही. ते विकले जात नाही, परवान्यावर दिले जाते आणि परवान्याच्या अटी देणारा ठरवतो. हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने मार्च २०११ पासून एका ई-पुस्तकाची मर्यादा २६ वेळा देण्यापुरती ठेवली. त्यानंतर ग्रंथालयाने पुन्हा पैसे मोजायचे. मॅकमिलनने नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यावर कडी केली. नवे पुस्तक निघाल्यावर पहिले आठ आठवडे एका ग्रंथालय व्यवस्थेला, मग ती केवढीही मोठी असो, एकच प्रत मिळेल, असा तो नियम होता. वॉशिंग्टन राज्यातील किंग काउंटीसह अनेक ग्रंथालयांनी बहिष्कार घातला आणि मार्च २०२० मध्ये कंपनीने नियम मागे घेतला. पेंग्विनने तर नोव्हेंबर २०११ मध्ये, नवी सोय सुरू होऊन दोन महिने होत नाहीत तोच, ग्रंथालयातून किंडलकडे जाणारी आपल्या पुस्तकांची वाट रोखली. सुरक्षिततेचे कारण दिले गेले.

अशा परिस्थितीत लाखो वाचकांच्या हाती असलेले यंत्र आपल्या संग्रहाला जोडले जात असेल, तर नकार द्यायचा कसा? वाचकाचा वेळ वाचवणे हे ग्रंथालयाचे काम, असे डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र सांगते, आणि अमेरिकेतील ग्रंथपालही ती सूत्रे शिकूनच तयार होतात. किंडल घेतलेला वाचकही करदाताच. त्याने आपल्या मर्जीने अॅमेझॉनचे खाते उघडलेले. त्याला ग्रंथालयाने शिकवणी का द्यावी, हा युक्तिवाद वजनदार आहे. परंतु त्याला एक पुस्ती जोडावी लागेल. मर्जी तेव्हाच मर्जी असते, जेव्हा काय देतो आहोत हे देणाऱ्याला ठाऊक असते. ते सांगण्याची जबाबदारी ग्रंथालयाची होती, आणि बऱ्याच ठिकाणी ती एका बारीक अक्षरातल्या ओळीवर भागवली गेली.

यातली विसंगती अशी, की ज्या काळात अॅमेझॉन ग्रंथालयांच्या वाचकांना आपल्या दारी बोलावीत होती, त्याच काळात तिच्या स्वतःच्या प्रकाशन विभागाची ई-पुस्तके ग्रंथालयांना मिळत नव्हती. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने २०१९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे याबद्दल तक्रार नोंदवली. मे २०२१ मध्ये डिजिटल पब्लिक लायब्ररी ऑफ अमेरिका या ना-नफा संस्थेशी करार झाला, तेव्हा कुठे सुमारे १० हजार पुस्तकांचे दार किलकिले झाले.

एका बटणाची गोष्ट

गोपनीयतेइतकाच नाजूक दुसरा प्रश्न निःपक्षपाताचा. ग्रंथालयाच्या सूचीत पुस्तकाच्या नावापुढे ‘विकत घ्या’ असे बटण असावे काय? सायमन अँड शुस्टर या बड्या प्रकाशनसंस्थेने एप्रिल २०१३ मध्ये न्यूयॉर्क शहरातील तिन्ही ग्रंथालय व्यवस्थांना, म्हणजे न्यूयॉर्क, ब्रुकलिन आणि क्वीन्स यांना, प्रायोगिक तत्त्वावर ई-पुस्तके देऊ केली. अट अशी, की ग्रंथालयाने आपल्या संकेतस्थळावरून ती विकत घेण्याचीही सोय ठेवावी. विक्रीतील काही वाटा ग्रंथालयाला मिळणार होता. जून २०१४ मध्ये देशातील सर्व ग्रंथालयांना हीच योजना, याच अटीसह, खुली झाली.

वरवर पाहता यात दोघांचाही लाभ आहे. रांगेत थांबण्याचा कंटाळा आलेला वाचक पुस्तक विकत घेईल आणि ग्रंथालयाच्या गंगाजळीत चार डॉलर पडतील. पण वाचकाला ताटकळत ठेवण्यात ज्याचे उत्पन्न दडले आहे, त्याने प्रती वाढवण्याचा आग्रह धरावा, अशी अपेक्षा कशी करायची? एखादे पुस्तक सूचीत वर दिसते ते गुणवत्तेमुळे, मागणीमुळे की वाट्यामुळे, अशी शंका वाचकाच्या मनात आली तरी ग्रंथालयाचे नुकसान झालेच. ग्रंथपालाने खासगी हितासाठी वाचकाचे हित डावलू नये, हे कलम असोसिएशनच्या नीतिसंहितेत आहेच. शिवाय सरकारी संस्थेने एका खासगी दुकानाकडे बोट दाखवावे काय, हा सरळ प्रशासकीय प्रश्नही होता. असोसिएशनने ई-पुस्तके खुली झाल्याचे स्वागत केले आणि बटणाच्या सक्तीबद्दल चिंता बोलून दाखवली. नोव्हेंबर २०१४ मध्ये प्रकाशनसंस्थेने सक्ती काढून टाकली. ज्या ग्रंथालयाला बटण ठेवायचे असेल त्याने ठेवावे, असे ठरले. चर्चेतून अट बदलता येते, हे या प्रकरणात दिसले. अर्थात येथे समोर बसून बोलायला दुसरा पक्ष हजर होता, हेही खरे.

मध्यस्थ आणि विक्रेता यांची सरमिसळ त्यानंतर वाढतच गेली. जपानच्या राकुटेन समूहाकडे ‘कोबो’ या वाचनयंत्राची कंपनी २०१२ पासून होती. २०१५ मध्ये त्याच समूहाने ओव्हरड्राइव्ह विकत घेतली. ग्रंथालयांना पुस्तके पुरवणारा आणि वाचकांना पुस्तके विकणारा एकाच छपराखाली आले. २०२० मध्ये ओव्हरड्राइव्ह केकेआर या खासगी गुंतवणूक संस्थेकडे गेली. मधल्या काळात, ऑक्टोबर २०१४ मध्ये, अॅडोबी कंपनीच्या ई-पुस्तक वाचण्याच्या प्रणालीची नवी आवृत्ती वाचकाने कोणते पुस्तक उघडले, कोणती पाने वाचली, ही माहिती उघड्या स्वरूपात कंपनीकडे पाठवीत असल्याचे निदर्शनास आले. ग्रंथालयांचे असंख्य वाचक तीच प्रणाली वापरत होते. ग्रंथालय संघटनांनी आवाज उठवल्यावर कंपनीने दुरुस्ती केली. २०१५ मध्ये असोसिएशनने ई-पुस्तक पुरवठादारांसाठी गोपनीयतेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ती चांगली आहेत, बंधनकारक नाहीत.

सगळीच भागीदारी संशयास्पद असते, असे नव्हे. ग्रंथालयांनी बाद केलेली पुस्तके घेऊन ती ऑनलाइन विकणारी आणि उत्पन्नातील हिस्सा ग्रंथालयांना देणारी ‘बेटर वर्ल्ड बुक्स’ ही कंपनी इंडियाना राज्यातील नोत्र दाम विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी सुरू केली. २०१९ मध्ये ती एका ना-नफा संस्थेच्या मालकीची झाली. येथे वाचकाच्या आवडीनिवडीचा संबंध येत नाही. व्यवहार फक्त जुन्या पुस्तकांचा. ग्रंथालयांच्या मित्रमंडळांनी ‘अॅमेझॉनस्माइल’ या योजनेत नाव नोंदवून सभासदांच्या खरेदीवर अर्धा टक्का देणगी मिळवली, त्यातही गैर काही नव्हते. फक्त २०२३ च्या फेब्रुवारीत कंपनीने ती योजना गुंडाळली आणि त्या भरवशावर असलेल्या मंडळांना दुसरी सोय पाहावी लागली.

आपल्याकडे

किंडलवर ग्रंथालयाचे पुस्तक घेण्याची सोय अमेरिकेपुरतीच आहे. किंडलवर मराठी ई-पुस्तके डिसेंबर २०१६ पासून मिळू लागली, पण ती विकत घेण्यासाठी. न्यू जर्सी वा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा अनुभव रोजचा असेल. पुण्या-मुंबईच्या वाचकाला तो अजून परका आहे. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो ग्रंथालये आहेत. त्यातील कित्येकांची देवघेव अजूनही वहीत चालते. ही वही कोणत्याही कंपनीच्या सर्व्हरवर जात नाही, हा तिचा एक अनपेक्षित गुण म्हणावा लागेल.

मात्र संगणकीकरण होते आहे, आणि पैशांची चणचण असलेल्या ग्रंथालयापुढे एखादी कंपनी फुकट प्रणाली घेऊन उभी राहील, तो दिवस दूर नाही. त्या वेळी कार्यकारी मंडळाने काय विचारावे, याची तयारी अमेरिकेच्या अनुभवावरून करता येईल. सभासदाची कोणती माहिती कंपनीकडे जाणार, किती दिवस राहणार, करार संपल्यावर ती पुसली जाणार काय, सूचीत विक्रीचे दुवे असणार काय आणि नको म्हटल्यास पुस्तके मिळत राहणार काय? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून प्रमुख तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. वाचनाच्या नोंदींचा वेगळा विचार त्यात नाही. संमती घेताना माहिती कशासाठी घेतो हे स्पष्ट सांगावे, हे तत्त्व मात्र आहे आणि ग्रंथालयाच्या पावतीपुस्तकालाही ते लावून पाहता येईल.

अमेरिकेतील काही ग्रंथालयांनी आता आपल्या संकेतस्थळावर ठळक सूचना लिहिली आहे, की किंडलचा पर्याय निवडल्यास आपण आमच्या पानावरून बाहेर जाल आणि तेथे कंपनीचे धोरण लागू होईल. ग्रंथालयाच्या ‘लिबी’ या अॅपवरच पुस्तक वाचले, तर अॅमेझॉनकडे जावे लागत नाही. किंडलवर घेतलेच, तर मुदत संपल्यानंतरही पुस्तकाचे नाव अॅमेझॉनच्या खात्यातील यादीत राहते. ते तेथून काढायचे असल्यास वाचकाला स्वतः खात्यात जाऊन एकेक नोंद हटवावी लागते; ग्रंथालयाच्या टेबलावरील कर्मचाऱ्याला त्या यादीत शिरता येत नाही.